सात अंश मागचा चंद्र

नेसरीच्या पाहुण्यांचा निरोप आला त्या दिवशी मी कॉलेजातून नुकतीच घरी आले होते. निरोप घेऊन आलेले गृहस्थ दोन्ही घरांच्या ओळखीचे होते आणि लग्नं जुळवायची त्यांना हौस होती. चहा संपेपर्यंत त्यांनी विषयच काढला नाही. मग बशी खाली ठेवून ते आण्णांना म्हणाले, "पोरगी पसंत हाय त्यास्नी. पर मूळ नक्षत्र निघालं की हो. पोराचे वडील म्हणत्यात, आमचं काय न्हाय, पर घरातली बायकामाणसं ऐकंनात."

मूळ नक्षत्रावर जन्मलेली सून सासऱ्याच्या जिवावर येते, अशी समजूत आहे. मुलाच्या वडिलांचं वय झालेलं, त्यातून मागच्या वर्षी छातीत दुखून दवाखान्यात राहून आलेले. घरातल्या बायका घाबरल्या असतील तर त्यांना मी नावं ठेवू शकत नव्हते.

आण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. ते रागावले नाहीत. "मूळ कसं असेल? आमच्या मुलीचं पूर्वाषाढा आहे," असं म्हणून ते उठले आणि कपाटातून कागदाची गुंडाळी घेऊन आले. दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद. "हे बघा. कॉम्प्युटरवर काढलीय."

त्या गृहस्थांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "ही बी कॉम्प्युटरवरचीच हाय."

दोन्ही कागद चटईवर शेजारी शेजारी ठेवले गेले. वर तेच शीर्षक, चारी बाजूंनी त्याच चांदण्यांची नक्षी, तीच ठिपक्याठिपक्यांची इंग्रजी अक्षरं आणि त्या अक्षरांत लिहिलेले मराठी शब्द. जन्मतारीख माझी, वेळ माझी, गाव कोल्हापूर. लग्नरास तीच, चंद्ररास दोन्हीकडे धनू. नक्षत्र मात्र एकावर पूर्वाषाढा आणि दुसऱ्यावर मूळ.

आण्णा चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिले. मला त्या वेळी स्थळ गेल्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण मला आठवतं ते एवढंच की मी खाली बसले, दोन्ही कागद हातात घेतले आणि आईनं दोनदा हाक मारली तरी उठले नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी एका कॉलेजात गणित शिकवत होते. शिवाजी पेठेत दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. माझी जन्माच्या वेळची हातानं लिहिलेली पत्रिका ट्रंकेत वाळवीनं खाल्ली होती, म्हणून आण्णांनी महाद्वार रोडवरच्या एका ज्योतिषीबुवांकडून नवी काढून आणली. बुवांनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि पत्रिका काढायचा प्रोग्रामही रीतसर विकत घेतला होता. प्रिंटर कर्र कर्र आवाज करत कागद पुढे ढकलायचा आणि ते बघायला दुकानाबाहेर माणसं उभी राहायची. आण्णांना ज्योतिषात फारसा रस नव्हता, पण त्या कागदाचा फार अभिमान होता. म्हणूनच तो त्यांनी नेसरीला पाठवला नाही. फक्त माझी जन्मवेळ लिहून दिली. मुलाकडच्यांनी ती गडहिंग्लजला एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नेली आणि तिथल्या कॉम्प्युटरवर पत्रिका काढून घेतली.

पत्रिकेच्या खालच्या भागात प्रत्येक ग्रहाचे अंश आणि कला, म्हणजे अंशाचे साठावे भाग, छापलेले होते. मी एकेक ओळ ताडून पाहिली. रवी सारखा. मंगळ सारखा. बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, सगळे अगदी कलेपर्यंत सारखे. फक्त चंद्र वेगळा. आमच्या कागदावर तो धनूत अठरा अंशांवर होता आणि त्यांच्या कागदावर अकरा अंशांवर. धनूत साधारण तेरा अंशांपर्यंत मूळ असतं आणि पुढे पूर्वाषाढा.

"जन्मवेळ चुकवली असेल त्यांनी," आई म्हणाली.

"वेळ चुकली असती तर लग्नरास बदलली असती. चंद्र सात अंश हलायला अर्धा दिवस लागतो."

"मग गणित वेगळं असेल."

"गणित वेगळं असतं तर बाकीचेही थोडेफार हलले असते. एकटा चंद्रच कसा हलला?"

आई स्वयंपाकघरात गेली. तिला कोणता चंद्र खरा एवढंच हवं होतं. ते शोधणं सोपं होतं. वाचनालयात जुनी पंचांगं बांधून ठेवलेली होती. माझ्या जन्मवर्षाचं पंचांग काढलं, तारीख शोधली. पूर्वाषाढा. म्हणजे महाद्वार रोडचा कागद बरोबर आणि गडहिंग्लजचा चूक. आण्णांनी तसं नेसरीला कळवलं. पण मला चूक कोणाची यापेक्षा चूक कशी झाली हे हवं होतं, आणि ते पंचांगात लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी आण्णांना घेऊन एसटीनं गडहिंग्लजला गेले. जाण्याआधी स्टाफरूममध्ये चारपाच जणांच्या जन्मवेळा मागून घेतल्या होत्या. इतिहासाच्या बाईंनी तारीख आणि वेळ दिली, पण साल द्यायला तयार होईनात. अखेर एका चिठ्ठीवर लिहून घडी करून दिलं आणि गडहिंग्लजला पोचेपर्यंत उघडायची नाही असं बजावलं.

इन्स्टिट्यूटच्या बाहेरच्या खोलीत टाइपरायटरांची रांग होती. आतल्या खोलीला पडदा होता आणि तिथं चपला काढून जायचं होतं. मालक चाळिशीतले, मोठ्या आवाजाचे.

"काय पावणं, कुठनं आलासा?"

आण्णांनी सांगितलं, मी कॉलेजात शिकवते हेही. मी दोन्ही कागद पुढे केले आणि नक्षत्र चुकलंय म्हणाले.

"मशीन हाय ती. ती कशाला चुकंल? चुकलं तर पंचांग चुकलं असंल. ते मानसं छापत्यात."

"हा प्रोग्रामही माणसानंच लिहिलाय."

"व्हय, पर शाण्या मानसानं."

मी विचारलं, प्रोग्राम कुठून घेतला. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "घेतला कशाला? निपाणीच्या दोस्ताकडनं उतरवून आणला. त्यानं बेळगावातनं आणलेला. एका फ्लॉपीवरनं दुसरीवर उतरवायला चा प्यायला लागतोय तेवढाच येळ." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "तुमी पुस्तकावरनं नोट्स काढून देताय का न्हाय पोरास्नी? तसंच की ते."

मी चिठ्ठ्या काढल्या आणि या सगळ्यांच्या पत्रिका काढून द्याल का विचारलं. ते खूश झाले. प्रिंटर सुरू झाला की त्यांना स्वतःलाच मजा वाटत होती. इतिहासाच्या बाईंचं साल मी मालकांच्या कानाशी सांगितलं.

सोमवारी संध्याकाळी तीच यादी घेऊन मी महाद्वार रोडला बुवांकडे गेले. माझा अंदाज असा होता की त्यांच्या कागदावरचे चंद्र बरोबर असतील आणि गडहिंग्लजचे सगळे सारख्याच फरकानं मागे असतील. तसं झालं तर ती चूक नव्हे, कुणीतरी मुद्दाम केलेली वजाबाकी आहे, असं सिद्ध होणार होतं. बुवांनी एकेक पत्रिका काढून दिली. मी तिथंच बाकावर बसून ताडू लागले आणि माझा अंदाज पहिल्याच कागदावर कोसळला. दोन्हीकडचे चंद्र तंतोतंत सारखे होते. दुसरा कागद सारखा. तिसराही.

"बुवा," मी म्हणाले, "माझी पत्रिका पुन्हा एकदा काढता?"

त्यांनी काढली. कागद फाडून माझ्या हातात देताना ते स्वतःच थबकले. मूळ.

त्याच दुकानात, त्याच कॉम्प्युटरवर, त्याच माणसानं काही महिन्यांपूर्वी माझं पूर्वाषाढा काढलं होतं. आता तोच कॉम्प्युटर मूळ म्हणत होता. बुवांनी पंचांग काढून माझ्या शेजारी बाकावर बसून पाहिलं. मग स्टाफरूमच्या यादीतल्यांचे चंद्रही आम्ही पंचांगावरून काढले. कॉम्प्युटरचे सगळे चंद्र सात अंश मागे. कुणाचं नक्षत्र त्यामुळे बदललं होतं, कुणाचं नशिबानं तेच राहिलं होतं.

"हे मला कळत नाही," बुवा म्हणाले. म्हातारा माणूस, पण त्यांना ते म्हणायला कमीपणा वाटला नाही. "ज्यानं लिहिलं त्यालाच विचारा. राजारामपुरीत राहतो. दिवसा कारखान्यात असतो, सहानंतर भेटेल."

मी निघताना त्यांना एकच विचारलं. मधल्या काळात कॉम्प्युटरमध्ये काही बदललं का?

"काही नाही. दिवाळीत जावयानं ह्याला ती आतली डिस्क बसवून दिली. आता फ्लॉपी घालावी लागत नाही. सगळं आतच."

प्रोग्राम लिहिणारा माझ्याच वयाचा निघाला. इंजिनिअर, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी घरी प्रोग्राम लिहायचे. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर होता आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून आईच्या जुन्या लुगड्याचं कापड घातलेलं होतं. मी कॉलेजात शिकवते म्हटल्यावर त्यानं खुर्ची दिली. मी सगळे कागद टेबलावर मांडले आणि म्हणाले, "यातला चंद्र प्रत्येक वेळी सात अंश मागे आहे. बाकी काही चुकलेलं नाही. हे तुम्ही मुद्दाम केलंय."

तो घाबरेल किंवा नाकारेल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा उजळला.

"तुम्हाला कसं कळलं? मॅडम, वर्ष झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही."

मग त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि मी कबूल करते की तो तासभर मला फार आवडला. त्यानं पहिला प्रोग्राम विकला तेव्हा आठवड्याच्या आत त्याच्या प्रती सगळीकडे फिरायला लागल्या होत्या. म्हणून त्यानं कुलूप घातलं. विकायच्या प्रत्येक फ्लॉपीवर, ठरलेल्या जागी, तो सुईनं एक बारीक ओरखडा काढायचा. त्यानं एक फ्लॉपी पाकिटातून बाहेर सरकवून उजेडात धरून मला दाखवली. "उतरवणारा त्यातली सगळी माहिती उतरवतो. पण ओरखडा उतरत नाही. माझा प्रोग्राम सुरू झाला की त्या जागेवर एक अक्षर लिहून बघतो. लिहिता आलं नाही तर फ्लॉपी माझी. लिहिता आलं तर चोरीची."

"आणि चोरीची असली तर?"

"आधी मी पडद्यावर लिहायचो, ही नक्कल आहे, आणि प्रोग्राम थांबायचा. एका कॉम्प्युटर क्लासातल्या पोरांनी ते चार दिवसांत काढून टाकलं. कुठं थांबतो ते दिसलं की तिथलं कुलूप तोडता येतं. म्हणून मी ठरवलं, थांबायचंच नाही. चालू राहायचं. फक्त चंद्र थोडा मागे ढकलायचा. मी कुलूप घालायचं सोडलं असंच त्यांना वाटेल. कुलूप कुठं आहे हेच कळणार नाही."

"सातच अंश का?"

"दोनतीन घेतले असते तर कुणाच्या ध्यानातच आलं नसतं. पंधरावीस घेतले असते तर पहिल्याच दिवशी आलं असतं. मला वाटलं होतं, एखादा ज्योतिषी पंचांगाशी ताडून बघेल, आणि मग बाजारात बोलबाला होईल की उतरवलेली फ्लॉपी चुकीची पत्रिका देते, अस्सलच घ्या. मी वाट बघत होतो."

"कुणी ताडून बघितलं नाही."

"नाही," तो म्हणाला. "त्याचंच नवल वाटतं."

मी त्याला गडहिंग्लजच्या मालकांचं बोलणं सांगितलं, की मशीन चुकत नाही, पंचांग चुकलं असेल. तो हसला. मग मी त्याला सांगितलं की यातला पहिला कागद माझा आहे आणि तो कागद बघून एका घरानं मला नकार कळवलाय.

त्याचं हसू गेलं. त्यानं कागद उचलून पुन्हा पाहिला, माझी जन्मतारीख पाहिली आणि खाली ठेवला. मग थोडं चाचरत म्हणाला, "पण ती चोरीची प्रत होती. त्यांनी विकत घेतली असती तर..."

"महाद्वार रोडच्या बुवांनी विकत घेतलीय ना?"

"हो. चंद्राचं कुलूप घातल्यावरचं पहिलं गिऱ्हाईक माझं."

"त्यांच्याकडचा चंद्रही दिवाळीपासून सात अंश मागे आहे."

त्याला ते पटेना. मी जावयानं बसवलेल्या डिस्कबद्दल सांगितलं, आणि माझं वाक्य पुरं होण्याआधीच त्याला कळलं. मला मात्र तेव्हाच, त्याचा चेहरा बघताना कळलं. बुवांनी स्वतःच्या पैशानं घेतलेला प्रोग्राम स्वतःच्याच मशीनच्या आत उतरवला होता. आतल्या डिस्कवर ओरखडा नव्हता. प्रोग्रामच्या लेखी बुवा चोर ठरले होते.

"मी त्यांना सांगायला हवं होतं, फ्लॉपीवरूनच चालवा म्हणून," तो म्हणाला. "पण का, ते सांगावं लागलं असतं."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं महाद्वार रोडला गेलो. त्यानं बुवांसमोर सगळं सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. बुवांनी ओरखड्याचं ऐकून घेतलं, पण त्यात त्यांना गोडी नव्हती. त्यांनी विचारलं, "म्हणजे दिवाळीनंतर माझ्याकडून गेलेल्या सगळ्या पत्रिका चूक?"

"सगळ्यांचं नक्षत्र बदललं नसेल," मी म्हणाले. "साधारण निम्म्यांचं बदललं असेल."

"निम्म्यांचं," बुवा म्हणाले. ते त्याच्यावर ओरडले नाहीत. पंचांग जवळ ओढून म्हणाले, "चाळीस वर्षं मी पंचांग उघडल्याशिवाय कुणाची रास सांगितली नाही. ही पेटी आणली आणि उघडायचं सोडलं." दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर पाटी लागली, की दिवाळीनंतर पत्रिका नेलेल्यांनी ती घेऊन यावी, चंद्राच्या गणितात दुरुस्ती आहे. काही लोक आले. काहींची लग्नं होऊन गेली होती, ते आले नाहीत.

आठवड्याभरानं तो इंजिनिअर कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. हातात फ्लॉपी होती. त्यानं कुलूप पूर्ण काढून टाकलं होतं. चंद्र जागेवर होता. सुरुवातीलाच पडद्यावर ओळ येत होती, की ही प्रत कुणालाही द्यावी आणि जुनी पुसून टाकावी.

"म्हणजे विकायचं सोडलं?"

"विकणार कुणाला मॅडम? ज्यांना हवा होता त्यांच्याकडे आहेच. आता निदान बरोबर तरी असू दे. ज्या वाटेनं चुकीचा गेला त्याच वाटेनं बरोबरचा पाठवायचा. गडहिंग्लजच्या त्या मालकांना तुम्ही ओळखता."

आम्हाला वाटलं होतं, काम सोपं आहे. आण्णा फ्लॉपी घेऊन गडहिंग्लजला गेले आणि तशीच परत घेऊन आले. मालकांनी घेतलीच नव्हती. आण्णांनी त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "मास्तर, जुनी हाय ती झकास चाललीया. तिच्या आधीचीचं कुलूप तोडायला पोरांनी किती घाम गाळला म्हायतीय का? आनि ही तुमी फुकट वाटत सुटलाय. फुकट देताय म्हंजे ह्यात काय तरी खोट असनार."

कॉम्प्युटर क्लासच्या पोरांनीही तेच केलं. इंजिनिअरनं स्वतः नेऊन दिलेली फ्लॉपी त्यांनी टेबलाच्या खणात टाकली आणि विसरले. ज्या वस्तूला कुलूप होतं तिच्यासाठी त्यांनी रात्रीचा दिवस केला होता. कुलूप नसलेली त्यांना बघायचीही नव्हती. त्याला हे फार लागलं. माझं मात्र कुतूहल पुन्हा जागं झालं. मी त्याला म्हणाले, "ती ओळ बदला."

"कोणती?"

"कुणालाही द्यावी, ही. लिहा की ही प्रत कुणालाही देऊ नये."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं आणखी एक गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती. मुलगा आणि मुलगी दोघांची माहिती भरली की गुणमेलन आपोआप छापून येईल अशी सोय घातली आणि पत्रिकेच्या वर ठिपक्यांचा गणपती काढला. तो गणपती जरा बसका दिसायचा, पण गणपती होता. ह्या वेळी आण्णांनी गडहिंग्लजला जाऊन फ्लॉपी लगेच दिली नाही. फक्त एकदा चालवून दाखवली आणि पिशवीत ठेवली.

"ठेवून जावा की, मास्तर," मालक म्हणाले.

"देता येणार नाही. ज्यानं लिहिलंय त्याची परवानगी नाही."

"असं व्हय. बरं, चा तरी घेऊन जावा."

आण्णा चहाला बाहेर गेले आणि पिशवी आतच राहिली. ती मुद्दाम ठेवली की राहून गेली, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं की ते म्हणायचे, चहा बरा होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मावशीकडे निपाणीला गेले होते. तिथं तिच्या शेजाऱ्यांनी मोठ्या कौतुकानं मुलाची पत्रिका दाखवायला आणली. वर तो बसका गणपती होता. मी चंद्राचे अंश पाहिले आणि पंचांग मागवलं. मावशी म्हणाली, "तुला कधीपासून हे वेड लागलं?" चंद्र बरोबर होता. जुन्या प्रती किती उरल्या, किती पुसल्या गेल्या, हे कळायला काही मार्ग नव्हता. नवी जिथं पोचली नाही तिथं जुनी चालतच राहिली असणार.

ही हकीगत ऐकणारे हमखास विचारतात की मग तुमचं त्या इंजिनिअरशीच जमलं का. नाही. त्याचं लग्न आधीच ठरलेलं होतं आणि नंतर तो नोकरीसाठी बंगळूरला गेला. माझं लग्न दोन वर्षांनी मिरजेला झालं, आणि त्या घरी पत्रिका कुणी मागितलीच नाही. आण्णांना त्याची जरा चुटपुट लागली होती. गुंडाळी त्यांनी बरोबर नेली होती.

नेसरीचं स्थळ आण्णांनी पंचांगाचा दाखला दिल्यावरही पुन्हा आलं नाही. मुलाच्या वडिलांनी निरोप पाठवला की तुमचं खरं असेल, पण एकदा मनात आलेलं जात नाही. तो मुलगा मला बघायला आला होता तेव्हा त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता, की मुलांना गणिताची भीती का वाटते. मी उत्तर देत असतानाच कुणीतरी पोहे आणले आणि ते अर्धवट राहिलं. त्याचं लग्न त्याच वर्षी दुसरीकडे झालं.

तो मला पुढे एकदाच भेटला, गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर. मी परीक्षेच्या कामासाठी गेले होते. संध्याकाळची वेळ, पण उजेड होता. त्यानंच ओळखलं. बरोबर बायको होती, दोन मुली होत्या. त्याचे वडील अजून होते आणि शेताकडे रोज चालत जात होते. थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "तुमचं ते मूळ नक्षत्र... वडील अजून कधीतरी म्हणतात, मास्तर तसा खोटं बोलणारा माणूस नव्हता."

मी सांगितलं. ओरखडा, कुलूप, सात अंश, सगळं. बस यायला वेळ होता. तो ऐकत होता आणि त्याची बायको त्याच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हणजे आमची दोघांची पत्रिका पण तिथंच काढलेली," तो म्हणाला. "त्याच मशीनवर. छत्तीसातले अठ्ठावीस गुण आले होते."

"मग ते खरे किती असतील?" बायकोनं मला विचारलं.

"जन्मवेळा दिल्या तर काढता येतील. हवेत का?"

तो म्हणाला, "आता कशाला?" तिनं मात्र वेगळंच विचारलं. "सात अंश म्हंजे किती हो, मॅडम? लई असतंय का?"

स्टँडच्या पत्र्यांच्या वर फिकट चंद्र आला होता. मी हात लांब करून चार बोटं मिटून चंद्राच्या कडेला धरली आणि तिला दाखवलं, की तो इथे असायच्या ऐवजी बोटांच्या ह्या बाजूला. तिनं हातातली पिशवी धाकटीकडे दिली, एक डोळा मिटला आणि माझ्यासारखाच हात लांब करून चार बोटं चंद्राला लावली.

"एवढंच?" ती म्हणाली.

तिच्या मुलीही हात लांब करून बघायला लागल्या. नेसरीची गाडी फलाटाला लागली तेव्हा त्यांना हात खाली घ्यायला तिला सांगावं लागलं.